साहेबांचा फोन लागला नाही तर?

जानेवारीतली रात्र. बेलापूरच्या शिवारात, प्रवरेच्या अंगाला असलेल्या एका मळ्यात विजेच्या तारा एकमेकींना घासल्या, ठिणगी पडली आणि तोडणीला आलेला आडसाली ऊस पेटला. तासाभरात अडीच एकरांचा फड काळा झाला. आमच्या कारखान्याच्या त्या गटातला स्लिपबॉय, म्हणजे तोडणीच्या पावत्या देणारा पोरगा, २३ वर्षांचा होता. कृषी पदविका झालेला, गटातला प्रत्येक बांध आणि प्रत्येक विहीर पाठ असलेला. मोटारसायकल काढून तो पंधरा मिनिटांत फडावर पोचला. तिथून हाकेच्या अंतरावर ऊसतोड कामगारांच्या दोन टोळ्या उतरलेल्या होत्या. उजाडताच त्यातली एक टोळी जळक्या फडात घातली असती, तर दुपारच्या आत पहिली गाडी काट्यावर लागली असती.

जळालेला ऊस जितका उशिरा गाळाल तितकं वजन घटतं, साखर उतारा पडतो आणि शेतकऱ्याच्या बिलातूनही कपात होते. हे त्या पोराला माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्याने मला फोन लावला. मी लग्नाला बाहेरगावी होतो, फोन बंद होता. तो पहाटेपर्यंत फोन लावत राहिला आणि सकाळी गट ऑफिसच्या पायरीवर येऊन बसला. टोळी फडात गेली ती तिसऱ्या दिवशी.

शेतकरी मला भेटला तेव्हा त्याने आरडाओरड केली नाही. एवढंच म्हणाला, “साहेब, तुमचा माणूस रातभर हितं उभा होता. त्याला एवढं पण करता येत नव्हतं का?”

येत होतं. मीच करू दिलं नव्हतं. आदल्या हंगामात याच पोराने एकदा स्वतःच्या अकलेने एक टोळी हलवली होती, आणि मी गट ऑफिसात दहा माणसांसमोर त्याला विचारलं होतं, “तुला कोणी सांगितलं होतं?” त्या दिवसापासून त्याने ठरवणं सोडलं आणि फोन करणं सुरू केलं. मी त्याला आज्ञाधारक समजत होतो.

एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात मी आयुष्य घालवलं. आता बेलापूर परिसरात कोणाचं कृषी सेवा केंद्र, कोणाचं दूध संकलन केंद्र, कोणाची पतसंस्था, कोणाचा दवाखाना. ही मंडळी भेटली की सगळ्यांची एकच तक्रार असते: “पोरं चांगली आहेत, पण जबाबदारी घेत नाहीत.” हा लेख त्यांच्यासाठी आहे. तक्रार खरी आहे, पण तिचं मूळ बहुतेक वेळा पोरांमध्ये नसतं.

आपल्या भागाचा इतिहासच याची साक्ष देतो. बेलापूर हे नाव गावापेक्षा मोठं आहे. आजचं श्रीरामपूर पूर्वी बेलापूर रोड म्हणून ओळखलं जायचं आणि तिथल्या रेल्वे स्टेशनच्या पाटीवर आजही बेलापूरच लिहिलेलं आहे. १९१९ साली स्थापन झालेल्या बेलापूर कंपनीने हरेगावला साखर कारखाना उभारला. कारभार मुंबईच्या ब्रॅडी कंपनीकडे होता. जमिनी इथल्या शेतकऱ्यांच्या खंडाने घेतलेल्या, पाणी प्रवरेच्या कालव्याचं, राबणारे हात याच भागातले. ऊस कसा वाढतो, साखर कशी होते हे आपल्या आजोबा-पणजोबांनी तिथे फार जवळून पाहिलं. पण किती लावायचा, कधी तोडायचा, पैसा कुठे घालायचा, हे ठरवणारी टेबलं दुसरीकडे होती.

मग इथून तासाभराच्या आतच्या लोणीला दुसरा प्रयोग झाला. विठ्ठलराव विखे पाटलांचं शालेय शिक्षण अगदी थोडं, पण त्यांनी १९२३ सालीच गावात पतपेढी काढून सहकाराचा धडा गिरवला होता. दुसरीकडे धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा शेतीवर काय परिणाम झाला, याची त्यांनी घरोघर, शिवारोशिवार पाहणी केली होती आणि तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. १९५० साली लोणीच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीवर गाडगीळ होते. पहिली दहा-एक वर्षं ते तिथे होते. नंतर विखे पाटील अध्यक्ष झाले.

मला या घटनेत सगळ्यात मोलाची वाटतात ती ही दहा वर्षं. अर्थशास्त्राचा एवढा मोठा जाणकार लोणीला येऊन व्याख्यानं देऊन परत जाऊ शकला असता. तो शेतकऱ्यांच्या शेजारी टेबलाशी बसला. खऱ्या कर्जावर, खऱ्या यंत्रांवर, खऱ्या ऊसदरावर संचालक मंडळाला ठरवावं लागलं आणि त्यांनी ठरवलं. पुढारीपण शिकवण्याची याहून चांगली रीत मला आजपर्यंत सापडलेली नाही. निर्णय खरा हवा, पैसा खरा हवा आणि शेजारी जाणतं माणूस हवं. वेळ आली की त्या जाणत्याने खुर्ची सोडायला हवी.

आता आपल्या दुकानाकडे, ऑफिसाकडे वळू.

पहिलं काम म्हणजे एक आठवडाभर एका वहीत लिहून काढा: दिवसभरात तुमच्या माणसांनी तुम्हाला काय काय विचारलं. फोनवर, समोर येऊन, व्हॉट्सअ‍ॅपवर. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा सहा दिवसांत पानंच्या पानं भरली. वाचताना लाज वाटली. “ट्रॅक्टर पंक्चर आहे, दुसरा लावू का?” “मुकादम एक दिवस सुट्टी मागतोय, देऊ का?” “शेतकरी म्हणतोय आज लग्न आहे, उद्यापासून तोडा, काय करू?” यातले निम्म्याहून जास्त प्रश्न असे होते की ज्यांचं उत्तर विचारणाऱ्याला माहीत होतं. तो उत्तर मागत नव्हता, चुकलं तर माझं नाव पुढे करता यावं म्हणून परवानगी मागत होता.

ही यादी हीच तुमची शिकवणी. ज्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तरी दोन दिवसांत दुरुस्त करता येतं, तो प्रश्न उद्यापासून त्याचा. त्याने ठरवायचं, करायचं, तुम्हाला विचारायचंही नाही. ज्यात थोडा पैसा किंवा गिऱ्हाइकाचं मन गुंतलेलं आहे, तिथे त्याने ठरवून करायचं आणि संध्याकाळी सांगायचं. आणि काही गोष्टी अशा असतात की ज्या आधी विचारल्याशिवाय करायच्याच नाहीत. ही हद्द तोंडी सांगू नका, लिहून द्या. तोंडी हद्द साहेबाच्या मूडप्रमाणे सरकते, आणि पोरं काम सोडून मूड वाचायला शिकतात.

उदाहरणच घ्यायचं तर कृषी सेवा केंद्रातली उधारी. काउंटरवरचा मुलगा प्रत्येक वेळी आत येऊन विचारतो, “शेठ, यांना देऊ का?” गिऱ्हाईक बाहेर उभं, चारचौघांत त्याची पत जोखली जाते आहे. त्यापेक्षा त्याला सांगा: पाच हजारांपर्यंतची उधारी तुझ्या शब्दावर, पण मागची बाकी ज्याने गेल्या पट्टीला भरलेली नाही त्याला नाही, आणि वसुलीही तूच करायची. हे शेवटचं वाक्य विसरू नका. ज्याने उधार दिलं त्यानेच ते मागायला गेलं पाहिजे. दोनदा रिकाम्या हाताने परत आला की माणसाची पारख कशी करायची हे त्याला मी आणि तुम्ही सांगून कळणार नाही इतकं चांगलं कळतं. पाच हजारांतले दोन हजार बुडाले तर ती त्या शिक्षणाची फी समजा. ती परवडत नसेल तर हद्द तीन हजारांवर आणा, पण हद्द द्या.

हद्दीबरोबर कारण द्या. नुसता हुकूम दिला तर माणूस हुकमात लिहिलेलं तेवढंच करतो, आणि परिस्थिती बदलली की अडून बसतो. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं पत्र यासाठी जरूर वाचा. पावसाळा तोंडावर आहे, वैरण-दाणा बेताने वापरा, रयतेला त्रास देऊ नका, एवढा हुकूम दोन ओळींत देता आला असता. पण महाराज पुढे समजावतात: दाणा आत्ताच उधळला तर पावसाळ्यात घोडी मरतील, तुम्ही कुणब्याकडून ओरबाडायला लागलात तर लोक परागंदा होतील आणि म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे. आगीबद्दल तर ते इतक्या बारकाईने लिहितात की कोणी स्वयंपाक करेल, कोणी तंबाखू ओढेल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, आणि गवताची गंज पेटून सगळी पागा जाईल. हे वाचलेल्या हवालदाराला फक्त उंदराच्या वातीपुरतंच शहाणपण मिळालं नाही. आग कुठून कुठून लागू शकते याकडे बघण्याची नजर त्याला मिळाली. आपण मात्र ऑफिसात “सांगितलं तेवढं कर” म्हणतो.

“साहेब, काय करू?” या प्रश्नाला कायम एकच उत्तर द्या: “तू काय ठरवलंस?” सुरुवातीला पोरं बावचळतात. तोंड उघडायला पंधरा दिवस जातात. तेवढे जाऊ द्या. नंतर नंतर एखाद्या पोराशी माझं असं बोलणं व्हायचं. हे मी जसंच्या तसं मांडतो, कारण शिकवणं नेमकं इथे घडतं.

“साहेब, टोळी एकच आहे, आणि दोन फड तोडणीला आलेत. एक खोडवा, एक आडसाली.”

“मग?”

“नोंदीप्रमाणं खोडव्याचा नंबर आधी आहे. पण आडसालीची विहीर आटलीय. दोन पाळ्या चुकल्या त्याच्या. वाळायला लागलाय.”

“ब्रिक्स घेतलास?”

“घेतला. खोडवा वरच्या कांड्याला अजून कमी दाखवतोय. आडसाली वर-खाली जवळजवळ सारखा आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे आडसाली पक्व आहे. थांबवला तर नुसतं वजन जाईल. खोडवा आठ दिवस थांबला तर उलट उतारा सुधारेल.”

“खोडव्याचा मालक काय म्हणेल?”

इथे तो थांबला. “भांडायला येईल. गहू करायचाय त्याला.”

“त्याला कोण सांगणार?”

“मीच जातो. मीटर घेऊन जातो, त्याच्या फडात त्याच्यासमोरच रस काढून दाखवतो.”

या सगळ्या बोलण्यात माझा एकही हुकूम नाही. कांड्याचा रस मीटरवर टाकून ब्रिक्स, म्हणजे रसातला गोडवा, बघायला तो कॉलेजातच शिकला होता. पण नोंदीचा नंबर आणि पिकाची गरज यांचा मेळ बसत नसेल तर काय करायचं, आणि ज्याचं मन दुखावणार आहे त्याला आपणच जाऊन तोंडावर सांगायचं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. माझे पाच प्रश्न फक्त त्याला रस्त्यावर ठेवत होते. तुमच्या धंद्यातले असे पाच-सहा प्रश्न तुम्हीच शोधा. आकडा बघितलास का? नाही केलं तर काय होईल? कोणाला त्रास होईल? त्याला कोण सांगणार? बहुतेक ठिकाणी हे पुरतात.

आणि एक. तो तुमच्यापेक्षा वेगळ्या पण चालण्यासारख्या निर्णयावर आला, तर तो बदलू नका. हे फार जड जातं, मला अजूनही जातं. आपली पद्धत थोडी बरी आहे म्हणून त्याची पद्धत मोडली की तो पुढच्या वेळी विचार करायचे कष्ट घेत नाही. शेवटी साहेब त्यांचंच करणार, मग डोकं कशाला शिणवायचं, असं तो मनाशी म्हणतो.

आता अवघड भाग. निर्णय चुकतो तेव्हा तुम्ही कुठे उभे असता?

आपल्याकडच्या दूध संकलन केंद्रावर सकाळी सहाला रांग लागते. कॅन आला, फॅट लागलं, डिग्री बघितली, आणि मुलाच्या लक्षात आलं की दुधात पाणी आहे. कॅन कोणाचा? गावातल्या वजनदार माणसाचा. मागे पंधरा जण उभे आहेत आणि सगळे बघताहेत. त्या क्षणी त्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाने कॅन परत केला, तर तासाभरात तुमचा फोन वाजणार हे नक्की. “तुमचं पोरगं फार शहाणं झालंय का?” त्या फोनवर तुम्ही काय बोलता यावर त्या केंद्राचं पुढचं सगळं ठरतं. “लहान आहे, समजावतो त्याला,” असं तुम्ही म्हणालात तर तुम्ही त्याला खरोखरच समजावलंत, फक्त उलटं. दुसऱ्या दिवसापासून मोठ्याचं पाणी चालेल आणि लहान्याचं दूध परत जाईल. याउलट तुम्ही म्हणालात, “तात्या, मशीनवर जे आलं ते त्याने केलं. तुम्ही या, परत लावून बघू, मीही येतो,” तर तात्या चार दिवस रुसतील. पण रांगेतल्या पंधरा जणांना कळेल की इथे माप एक आहे, आणि मुलाला कळेल की त्याच्या पाठीशी कोणी आहे.

मुलगा खरंच चुकला असेल तर? मशीन नीट साफ केलं नव्हतं आणि दूध चांगलं होतं, असं निघालं तर? तर तात्यांची माफी मागायला तुम्ही आणि तो दोघांनी जायचं. तिथे बोलायचं तुम्ही. त्याला काय बोलायचं ते दार लावून, एकट्याला. चारचौघांत नाही. माझी त्या दहा माणसांसमोरची एक ओळ दोन हंगामांना पुरली होती.

चुकीत फरक करायला मात्र शिकलं पाहिजे. माहिती घेतली, विचार केला आणि तरी अंदाज चुकला, तर ती चूक मी मोजत नाही. माहिती हाताशी असून बघितलीच नाही, तर कान उपटायचे. आणि जाणूनबुजून लबाडी केली, तर दुसरी संधी नाही. ऊस तोडायला शेतकऱ्याकडून ‘खुशाली’ मागितली जाते, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. ती रोखायची सोडून त्यातला वाटा घेणारा पोरगा कितीही हुशार असला तरी त्याच्या हाती निर्णय देणं म्हणजे शेतकऱ्याला लुटायचा परवाना देणं. या तिन्ही चुकांना आपण एकाच आवाजात ओरडतो, म्हणून पोरांना तिन्ही सारख्याच वाटतात आणि ती तिन्ही लपवतात.

काही जागी निर्णय द्यायचाच नाही, हेही तितकंच ठामपणे सांगतो. मळीच्या किंवा सांडपाण्याच्या टाकीत उतरणं, चालू पट्ट्यात हात घालणं, ओव्हरलोड ट्रॉली रस्त्यावर काढणं. इथे परिस्थिती बघून ठरव, अशी मोकळीक नको. नाही म्हणजे नाही. मात्र काम थांबवण्याचा अधिकार तिथे अगदी कालच लागलेल्या पोरालाही हवा. त्याला धोका दिसला आणि त्याने बटण दाबलं, तर नंतर धोका नव्हता असं निघालं तरी त्याला शाबासकीच द्यायची.

एक वही ठेवायला लावा. साधी, दोनशे पानी. निर्णय घेण्याआधी दोन-तीन ओळी लिहायच्या: काय ठरवलं, का ठरवलं, काय होईल असं वाटतं. ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नंतर लिहिलं की प्रत्येक जण शहाणा असतो. शनिवारी संध्याकाळी अर्धा तास, चहा घेऊन, त्या आठवड्यातले दोन निर्णय उघडायचे. एक जमलेला आणि एक फसलेला. दोन महिन्यांत त्याची त्यालाच खोड दिसायला लागते. आमच्या एका ओव्हरसियरच्या वहीत सलग पाच वेळा ‘गाडी दुपारपर्यंत येईल’ असं होतं आणि पाचही वेळा ती रात्री आली होती. मी काही बोललो नाही. त्याने स्वतःच सहाव्या वेळी ‘रात्री आठ’ लिहिलं आणि शेतकऱ्याला तसंच कळवलं. त्या शेतकऱ्याचं दिवसभर वाट बघत बांधावर बसणं वाचलं.

निर्णय कागदावर बरोबर असून भागत नाही, तो माणसांकडून करून घ्यावा लागतो. इथे तरुण पोरं सगळ्यात जास्त अडखळतात. २३ वर्षांच्या मुलाने ५० वर्षांच्या मुकादमाला “हा फड सोड, तिकडे चल” म्हणायचं. मुकादम बीडकडचा किंवा आपल्याच पाथर्डीचा, वीस-पंचवीस हंगाम केलेला. त्याच्यामागे वीस कोयते, म्हणजे वीस जोडपी, त्यांची लेकरं, बैलं. आवाज चढवला की तो ऐकल्यासारखं करतो आणि टोळी दुपारी बारापर्यंत हलत नाही. मी नव्या पोरांना पहिला महिना एकच काम द्यायचो. रोज पहाटे टोळीच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जायचं, हुकूम एकही द्यायचा नाही. पाणी कुठून आणता, कोणाचं लेकरू आजारी आहे का, गाडीतळावर किती तास खोळंबता, एवढं विचारायचं आणि त्यातलं एखादं तरी सोडवायचं. जवळच्या विहिरीवरून पाणी भरू द्यायला एखाद्या मळेवाल्याला राजी केलं, तरी पुरे. “मामा” म्हणून बोलायचं, पण कामाच्या शब्दाला ढिलं पडायचं नाही. महिन्यानंतर तो जेव्हा म्हणायचा, “मामा, पलीकडं आग लागलीय, टोळी लगेच हलवावी लागंल,” तेव्हा मुकादम बैलं जुंपायला उठायचा. का हलवायचं, हेही त्याला विचारावं लागायचं नाही.

पतसंस्था आणि दवाखाने चालवणाऱ्यांना एक वेगळं सांगणं आहे. तुमच्याकडे आता मुली मोठ्या संख्येने कामाला आहेत. हिशेब त्यांचा चोख, कागदपत्रं त्यांची नीटनेटकी. पण वसुलीला, पार्टीशी बोलणी करायला, शाखा सांभाळायला आपण मुलगाच पाठवतो. मग दहा वर्षांनी म्हणतो, मुली पुढे येत नाहीत. जी कर्जाची फाईल तिने तपासली तिच्याबद्दल समितीपुढे तीच बोलू दे. तुम्ही मधे पडू नका, तिच्या वाक्याला शेपूट जोडू नका.

हे सगळं करायला वेळ कुठे आहे, असं तुम्ही म्हणाल. पहिले तीन महिने खरंच जास्त वेळ जातो. स्वतः ठरवायला एक मिनिट लागतं, दुसऱ्याला ठरवू द्यायला दहा. म्हणून गर्दीच्या दिवसांत सुरुवात करू नका. आमच्याकडे गाळपाआधीचे दिवस यासाठी बरे असायचे. लागणीच्या नोंदी तपासायच्या, टोळ्यांचे करार व्हायचे, चुकलं तर सावरायला वेळ असायचा. तुमच्या धंद्यातला असा मोकळा काळ तुम्हाला ठाऊक आहे. आणि सगळ्यांना एकदम सगळं देऊ नका. एक माणूस, एक प्रकारचा निर्णय, एक महिना.

त्या जळक्या फडानंतर पुढच्या हंगामाच्या आधी मी गटातल्या सगळ्या स्लिपबॉयना एक कागद दिला. त्यावर सही माझी होती. त्यात पहिलीच ओळ अशी होती की जळीत झालं तर जवळची टोळी ताबडतोब हलवायची, मला नंतर कळवायचं. त्या हंगामात आमच्या गटात दोनदा ऊस पेटला. पहिल्या वेळी टोळी उजाडता उजाडता फडात होती. दुसऱ्या वेळी मी जागा झालो तेव्हा मोबाइलवर मेसेज येऊन पडला होता: ‘जळीत पावणेदोन एकर. टोळी हलवली. पहिली गाडी भरतेय. ज्यांची तोड थांबवली त्यांच्या घरी जाऊन सांगून आलोय.’ तो त्याच पोराचा होता.

तुमच्या हाताखालच्या माणसाला असा कागद तुम्ही अजून दिला नसेल, तर या शनिवारी बसा आणि लिहा. एक ओळ पुरे. खाली सही तुमची करा.